वजरी, अडकित्ते आणि मामाच्या काडेपेट्या

मागच्या महिन्यात नागपूरहून माझी आत्तेबहीण आली होती, तिला पुणं दाखवायचं म्हणून आम्ही निघालो आणि शनिवारवाडा, दगडूशेठ, तुळशीबाग असं नेहमीचं सगळं झाल्यावर मी तिला म्हटलं, चल आता माझ्या आवडीच्या ठिकाणी जाऊ. बाजीराव रोडवरून नातूबागेकडे आत वळलं की केळकर म्युझियम लागतं. मी तिथे किती वेळा गेलेय ते मोजलेलं नाही, पण शाळेच्या सहलीपासून धरलं तर पंधरा-वीस वेळा तरी नक्कीच. दर वेळी कुणीतरी पाहुणा बरोबर असतो आणि दर वेळी मी त्याला पुढे पाठवून एखाद्या काचेपुढे रेंगाळत उभी राहते.

या वेळी ती काच वजऱ्यांची होती.

आता वजरी हा शब्दच कित्येकांना माहीत नसेल. वजरी म्हणजे पाय घासायची. अंघोळ करताना टाचा घासायला आपण आता प्लॅस्टिकचा ब्रश वापरतो ना, त्या कामासाठी पूर्वी दगडाची, मातीची, पितळेची वजरी असायची. आणि बघा हं, टाचा घासायची वस्तू, न्हाणीघराच्या कोपऱ्यात ओल्या जमिनीवर पडून राहणारी, बाहेरचं कुणी ती कधी बघणारसुद्धा नाही, पण करणाऱ्याने तिच्यावर पक्षी काढलेत, नक्षी काढलीय. हे कुणासाठी केलं असेल? जी बाई रोज ती हातात धरणार तिच्यासाठी, दुसरं कोण.

मी हे बोलून दाखवणार तेवढ्यात बहीण एकदम ओरडली, "अगं, ही तर आजीची!"

अर्थात आजीची ती नव्हतीच. पण अगदी तशीच होती. आमच्या आजीची वजरी पितळेची, तळहातात मावेल एवढी, खालची बाजू कानशीसारखी चरचरीत, आणि वर धरायला एक पक्षी. मोर होता की पोपट ते सांगता यायचं नाही कारण इतक्या हातांनी तो धरला होता की चोच, डोळे, तुरा सगळं झिजून गुळगुळीत झालं होतं. तिच्या पोटात कसले तरी खडे होते, घासताना खुळखुळ वाजायचे. न्हाणीघरातून तो आवाज यायला लागला की आजीची अंघोळ आटपत आली हे स्वयंपाकघरात कळायचं आणि आई चहाचं आधण ठेवायची. आजीने कधी "चहा टाक गं" म्हणून हाक मारल्याचं मला आठवत नाही, हाक मारायची गरजच नव्हती.

मग १९९४ साली आमच्या घराचं काम काढलं. न्हाणीघराचं बाथरूम झालं, बंबाच्या जागी गीझर आला, घंगाळ, बंब, दोन हंडे, तपेली, ताम्हनं, सगळं पितळ आणि तांबं पोत्यात भरून मोडीत घातलं. तांब्याचा भाव वेगळा, पितळेचा वेगळा, तागडीत टाकून वजन केलं आणि त्या पैशात स्टीलच्या डब्यांचा सेट आला. त्याच पोत्यात वजरी गेली. मी कुणाला दोष देत नाहीये, तेव्हा आमच्या सगळ्या आळीत हेच चाललं होतं, पितळ घासायला चिंच लागायची, वेळ लागायचा, आईची पाठ दुखायची, स्टील बिचारं विसळलं की झालं. पण ती वजरी कितीशी जड होती? फार तर पाव किलो. पाव किलो पितळेचे जे काय पैसे आले असतील ते आले असतील, आणि त्या बदल्यात तो आवाज गेला.

आम्ही दोघी त्या काचेपुढे बराच वेळ उभ्या होतो. बहिणीच्या डोळ्यात पाणी आलं, माझ्याही.

तर हे केळकर. दिनकर गंगाधर केळकर, १८९६ चा जन्म, १९९० ला गेले. घरचा चष्म्यांचा व्यवसाय, स्वतः कवी, 'अज्ञातवासी' या नावाने कविता करायचे. १९२० च्या आसपास वस्तू जमवायला लागले आणि मग आयुष्यभर थांबलेच नाहीत. १९६० पर्यंत त्यांच्याकडे साधारण १५,००० वस्तू झाल्या होत्या असं सांगतात. मी एकदा बसून हिशोब केला, ४० वर्षांचे दिवस होतात १४,६००. म्हणजे रोज एक! सणवार, आजारपण, पाऊस, दंगल, युद्ध काहीही असो, सरासरी रोज एक वस्तू हा माणूस घरी घेऊन आला. आणि घरी आणायची म्हणजे नुसती पिशवीत घालून नाही, त्यात कोरीव दरवाजे आहेत, अख्खे झोपाळे आहेत. कोथरूडला मस्तानीचा जो महाल होता त्याचे अवशेष उचलून आणून त्यांनी म्युझियममध्ये तो महाल पुन्हा उभा केला. एका माणसाने! त्यांच्या पत्नी कमलाबाई या सगळ्यात बरोबर होत्या, आणि मला कायम त्यांचा विचार येतो, की दिवसाआड घरात एक दिवा, एक पेटी, एक मूर्ती येतेय, ठेवायची कुठे, पुसायची कुणी, महिन्याचा खर्च भागवायचा कसा.

म्युझियमचं पूर्ण नाव राजा दिनकर केळकर संग्रहालय. लहानपणी मला वाटायचं की हे कुठल्या तरी संस्थानाचे राजे असणार, म्हणून 'राजा दिनकर केळकर'. पुढे मोठेपणी कळलं की राजा हे त्यांच्या मुलाचं नाव. तो लहान वयातच गेला. त्याच्या नावाने हे सगळं. आणि मग हा सगळा ठेवा त्यांनी हयातीतच सरकारच्या हवाली केला. आता तिथे २०,००० च्या वर वस्तू आहेत आणि त्यातल्या साधारण २,५०० मांडलेल्या आहेत, बाकीच्या पेट्यांत, जागा नाही म्हणून. हे कळल्यापासून मी जेव्हा जेव्हा तिथे जाते तेव्हा मला त्या न दिसणाऱ्या साडेसतरा हजार वस्तूंची आठवण येतेच.

काय काय आहे ते मी सगळं सांगत बसत नाही, पण अडकित्ते बघाच. सुपारी कातरायची वस्तू, दोन पाती आणि एक खिळा एवढंच खरं तर काम, पण त्यात घोडा आहे, पोपट आहे, बायका आहेत, जोडपी आहेत. जोडप्याचा अडकित्ता असेल तर तो उघडला की नवरा-बायको लांब आणि मिटला की जवळ. कुणीतरी जेवणानंतर पान लावताना चार लोकांत तो काढत असेल आणि हसू पिकत असेल. मग दिवे आहेत, दौती आहेत, कुलुपं आहेत, कुंकवाचे करंडे, तेल घालायची सोय असलेल्या फण्या, शेवयांचे साचे, पाळणे, वाद्यं. तलवारी-ढालीपण आहेत, पण केळकरांचा खरा जीव कुठे होता ते बघणाऱ्याला लगेच कळतं. तो होता स्वयंपाकघरात आणि माजघरात.

मला मोठी म्युझियम आवडत नाहीत असं नाही. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय मी दिवसभर बघू शकते. पण मोठ्या ठिकाणी वस्तू कमिटीने निवडलेल्या असतात, काळाप्रमाणे, प्रांताप्रमाणे लावलेल्या असतात आणि ते तसंच हवं. छोट्या ठिकाणी मात्र तुम्ही आत शिरलात की एका माणसाच्या डोक्यात शिरता. त्याला काय आवडलं, कशापुढे तो अडला, कशासाठी त्याने पदरचे पैसे मोडले ते सगळं भिंतीवर लावलेलं असतं. कधीकधी क्रम लागत नाही, एकाच प्रकारच्या वस्तू इतक्या असतात की बघून दमायला होतं, पण ते दमणंसुद्धा मला आवडतं कारण जमवणारा तेवढ्याच वेळा थांबला होता ना त्या वस्तूपुढे.

अहमदाबादला गेलो होतो तेव्हा विशाला नावाच्या हॉटेलातलं भांड्यांचं म्युझियम बघितलं, वेचार म्हणतात त्याला. सुरेंद्र पटेल नावाच्या गृहस्थांनी ते १९८१ मध्ये सुरू केलं, आणि त्याची गोष्ट मी ऐकली तेव्हा आमच्या घरातलं ते पोतंच डोळ्यांसमोर आलं. गावाकडच्या पद्धतीचं हॉटेल काढायचं म्हणून ते जुनी भांडी शोधत फिरत होते आणि त्यांच्या लक्षात आलं की इतकी सुरेख घडवलेली भांडी लोक भंगारात देतायत आणि व्यापारी ती सरळ भट्टीत घालून वितळवतायत. मग ते विकत घेत सुटले. ज्योतींद्र जैन यांच्यासारख्या जाणकाराने ती मांडायला मदत केली. हजारो भांडी आहेत तिथे, पाण्याचे लोटे, हंडे, रांजण, दुधाची भांडी, आणि हो, सुड्या, म्हणजे त्यांच्याकडचे अडकित्ते. मी तिथे उभी राहून मनात म्हणत होते, की आमच्या पोत्याच्या वाटेत असा कुणी भेटला असता तर.

सिन्नरला गारगोटी म्हणून म्युझियम आहे, नाशिकला जाता-येता बघता येतं. के. सी. पांडे म्हणून पूर्वी नौदलात असलेले गृहस्थ आहेत त्यांनी केलंय. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात पोकळ्या असतात, लाव्हा थंड होताना अडकलेल्या वायूच्या, आणि त्या पोकळ्यांत लाखो वर्षांत स्फटिक तयार झालेले असतात, पांढरे, हिरवे, पीच रंगाचे. विहीर खणताना, खाणीत सुरुंग लावताना ते सापडतात. म्हणजे आपले आजोबा-पणजोबा विहिरी खणताना जे फोडून बाजूला टाकत होते ते इथे लाइट लावून काचेत ठेवलंय. माझ्या सासरी विहिरीच्या काठाला असा एक दगड कित्येक वर्षं कपडे धुवायच्या दगडाला टेकण म्हणून होता! तो आता आमच्या हॉलमध्ये आहे, सासूबाईंनी स्वतः घासून दिला.

आणि कोथरूडमधलं जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम, १९९८ च्या १ एप्रिलला सुरू झालेलं. भाऊसाहेब जोशींना लहानपणापासून रेल्वेचं वेड. एका खोलीत अख्खं गाव, त्यात गाड्या पळतायत, सिग्नल पडतायत, मधेच खोलीत अंधार होतो आणि गावातले दिवे लागतात. माझा भाचा सात वर्षांचा होता तेव्हा त्याला नेलं होतं, दिवे लागले तेव्हा त्याने माझा हात इतका घट्ट धरला की मी गाड्या बघायच्या सोडून त्याच्याकडेच बघत बसले. इतकंच सांगते त्याबद्दल, बाकी जाऊन बघा, मुलांना घेऊन जा.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्याच्याकडे येते. माझा मामा.

मामा एसटीत कंडक्टर होता. बत्तीस वर्षं. पुणे जिल्ह्यातल्या आणि घाटाखालच्या बऱ्याच रूटवर तो होता आणि त्याला मुक्कामी गाडी फार आवडायची. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी गावात जाते, रात्री तिथेच थांबते, पहाटे पहिली फेरी घेऊन परत. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात नाहीतर गाडीतच झोपायचे. बाकीचे कंडक्टर मुक्कामी ड्युटी टाळायचे, मामा मागून घ्यायचा. आणि त्या गावाच्या टपरीवर, चहावाल्याकडे, किराणा दुकानात जी काडेपेटी मिळेल तिचा छाप तो जपून ठेवायचा. तो बिडी-सिगरेट काही ओढत नाही, रिकाम्या पेट्याच मागून घ्यायचा. चहावाले त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवायचे म्हणे.

का जमवायला लागला असं मी विचारलं तर म्हणाला, "अगं, चित्र किती छान असायचं. आणि फुकट होतं." एवढंच.

त्याच्याकडे तेरा वह्या आहेत. दोनशे पानी, रेघांच्या. पूर्वी काडेपेटी लाकडाच्या पातळ पट्टीची असायची आणि तिच्यावर कागदी छाप चिकटवलेला असायचा, तो काढायचा म्हणजे पेटी पाण्यात भिजवायची, खळ सुटली की कागद अलगद ओढायचा, वर्तमानपत्रावर पालथा वाळवायचा आणि वर जाड पुस्तक ठेवायचं म्हणजे गोळा होत नाही. मामी सांगते की नवीन लग्न झालं तेव्हा एकदा तिने मोरीतल्या पातेल्यात काड्यांच्या पेट्या भिजत घातलेल्या बघितल्या आणि तिला काही कळेचना. मग पुढे तीच भिजवून ठेवायला लागली.

त्या वह्यांतून मामा तुम्हाला जे शिकवतो ना, ते मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. सुरुवातीला आपल्याकडे काड्या बाहेरून यायच्या, स्वीडनहून, जपानहून. मग स्वीडनच्या कंपनीने १९२३ मध्ये विमको काढली, अंबरनाथला त्यांचा कारखाना, आपल्या कल्याण-अंबरनाथकडच्या कित्येक घरांतली माणसं तिथे कामाला होती. आणि जवळपास त्याच सुमारास, १९२२ साली, तमिळनाडूतल्या शिवकाशीचे दोन चुलत भाऊ, अय्या नाडार आणि षण्मुग नाडार, कलकत्त्याला जाऊन काड्या करायला शिकले आणि गावी येऊन त्यांनी हाताने काड्या बनवायचा धंदा सुरू केला. कोरडा मुलूख, पाऊस नाही, शेती पिकत नाही, पण काड्या वाळवायला तीच हवा उत्तम. त्यातून फटाके आले. आणि पेट्यांवर चिकटवायला छाप लागायचे म्हणून छापखाने आले, ते इतके वाढले की देशातली कितीतरी कॅलेंडरं आणि डायऱ्या शिवकाशीत छापायला लागली. म्हणजे आपल्या भिंतीवर देवाचं कॅलेंडर लागतं त्याचं मूळ काडेपेटीच्या त्या बोटभर कागदात आहे! मामा हे सांगताना दर वेळी वही बंद करून माझ्याकडे बघतो, मला पटलं की नाही ते.

छापांवर काय नाही ते विचारा. वाघ, सिंह, हत्ती, कमळ, जहाज, विमान, किल्ली, घड्याळ, नट्या, पैलवान. एखादा छाप चालला की त्याच्या नकला निघायच्या, तेच चित्र, तेच रंग, फक्त नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे. मामाच्या एका पानावर चित्त्याशी झुंजणाऱ्या माणसाचे नऊ छाप आहेत आणि नऊच्या नऊ वेगळे, कुठे माणसाचा शर्ट लाल कुठे पिवळा, एकात तर चित्ता हसतोय असं वाटतं. आणि किंमत! काडेपेटी २००७ ला १ रुपयाची झाली ती थेट २०२१ च्या डिसेंबरला २ रुपयांची झाली. चौदा वर्षं एकच भाव राहिलेली दुसरी वस्तू घरात दाखव बघू, असं मामा म्हणतो, आणि खरंच मला सापडली नाही.

पण मला त्या वह्यांत सगळ्यात मोलाचं वाटतं ते छापांच्या खाली लिहिलेलं. प्रत्येकाखाली पेन्सिलने, बारीक अक्षरात, मामाने गाव आणि काहीतरी एक गोष्ट लिहिलीय. त्याला वेबिल, म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशोबाचा कागद, भरायची सवय, कॉलम दिसला की भरायचा. "वेल्हे मुक्काम. पाऊस. गाडी चिखलात, सकाळी २० माणसांनी ढकलली." "पोलादपूर स्टँड. घाट बंद. चहावाल्याने पैसे घेतले नाहीत." "जुन्नर. बाजाराचा दिवस, गाडीत ८१ माणसं." "महाड. ताईला मुलगी झाल्याची तार इथे मिळाली." ती ताई म्हणजे माझी आई आणि ती मुलगी म्हणजे मी. माझ्या जन्माच्या बातमीवर कमळ छाप आहे, गुलाबी कमळ, हिरव्या कागदावर, एक कोपरा कसरीने खाल्लेला.

कसरीचं दुःख मोठं आहे. मामाने पहिल्या सहा वह्या गव्हाच्या खळीने चिकटवल्या, घरात तीच असायची, आणि खळीला कसर लागते. ती चंदेरी किडी, कागदात सरसर पळते ती. पानं उघडली की छापांना नकाशासारखी भोकं पडलेली दिसतात. पुढे कुणीतरी त्याला सांगितलं की चिकटवूच नकोस, कागदाच्या छोट्या पट्टीचं बिजागर करून लाव, मग सातव्या वहीपासून तसं आहे. आणि एक कार्टन तर पूर्णच गेलं. एका दिवाळीच्या साफसफाईत घरातल्याच कुणीतरी रद्दी समजून देऊन टाकलं, त्यात न भिजवलेल्या, अख्ख्या पेट्या होत्या. मामा दुसऱ्या दिवशी रद्दीवाल्याकडे गेला तोवर माल पुढे गेलेला. तो त्याबद्दल कधी बोलत नाही. मामीने मला सांगितलं, की त्या दिवाळीत त्याने फराळाला हात लावला नव्हता.

मला ह्या सगळ्यात भीती कशाची वाटते ते सांगते. दोन-तीन वर्षांपूर्वी कोकणात एका वाड्यात आम्ही असाच एक खाजगी संग्रह बघायला गेलो होतो. जमवणारे आजोबा वारले होते, त्यांचा नातू चांगला मुलगा, त्याने कौतुकाने सगळं उघडून दाखवलं. शंभर-दीडशे कुलुपं, मापं, अडकित्ते, विळ्या. मी एक विचित्र लाकडी वस्तू उचलली, दोन बाजूंना खाचा आणि मधे भोक, आणि विचारलं हे काय आहे. तो म्हणाला, आजोबांना माहीत होतं. दुसरी उचलली, आजोबांना माहीत होतं. तिसरी, तेच. त्याला स्वतःलाच रडू फुटेल की काय असं वाटलं. वस्तू सगळ्या जागेवर होत्या, पुसलेल्या होत्या, एकीला धक्का लागला नव्हता. पण त्या कुठल्या गावच्या, कुणाच्या, कशाला वापरायच्या, आजोबांनी त्या का घेतल्या, हे सगळं एका माणसाबरोबर गेलं. पेन्सिलने चार शब्द लिहून ठेवले असते तर.

म्हणून गेल्या दिवाळीपासून आम्ही एक काम काढलंय. दर रविवारी दुपारी मी मामाकडे जाते, माझा मुलगा मोबाइलवर एकेका पानाचा फोटो काढतो आणि मामा बोलतो ते मी रेकॉर्ड करून मग चिठ्ठीवर लिहिते. त्याच्या डोळ्यांना आता पेन्सिलचं बारीक अक्षर दिसत नाही, मी वाचून दाखवते, मग तो पुढचं सांगतो. चार वह्या झाल्या. कधी एका छापावर अर्धा तास जातो, कधी म्हणतो "हं, पुढे." सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका जहाज छापावर, त्याखाली नुसतं "भोर" एवढंच लिहिलं होतं, आणि मामाला काही केल्या आठवेना की त्या दिवशी काय झालं होतं. तो फार अस्वस्थ झाला. शेवटी मामी आतून म्हणाली, "अहो, त्या मुक्कामाला तुमच्याबरोबर मी नव्हते का आले, माझ्या मावशीकडे उतरलो होतो आपण." मग दोघं इतकं बोलत बसले की चहा गार झाला.

तुमच्या घरी असं कुणी असेल, नाणी जमवणारं, लग्नपत्रिकांवरचे गणपती कापून ठेवणारं, शाईची पेनं, बसची तिकिटं, रेडिओ, काहीही, तर प्लीज त्यांच्यापाशी बसा. एक रविवार द्या. त्यांना "हे सगळं काय करायचंय" असं विचारू नका, "हे कुठे मिळालं" असं विचारा, ते किती बोलतील बघा.

केळकर म्युझियममधून आल्यावर त्या रविवारी मी मामाला वजरीचं सांगितलं. त्याने आजीची ती वजरी बघितली होती, आमच्याकडे यायचा तेव्हा. तो म्हणाला, "तिची चिठ्ठी कुठाय?"

मी म्हटलं, "मामा, वजरीच नाहीये तर चिठ्ठी कसली."

"वजरी नसू दे. तुला माहिती आहे ना? मग लिही."

त्याने वहीत एक अख्खं पान मोकळं सोडून दिलं. मी वजरीचं चित्र काढलं, मला जमतं तसं, पक्ष्याला चोच काढली नाही. मग तो सांगत गेला आणि मी त्याच्यासारखंच पेन्सिलने लिहिलं.

"पितळ. अंदाजे पाव किलो. पक्षी झिजलेला. १९९४ मध्ये मोडीत गेली. घासताना खुळखुळ वाजायची. आवाज आला की चहाचं आधण ठेवायचं."